महिना निघतो, वर्ष निघत नाही

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर कळेल. नाशिकला पाथर्डी फाट्याला भाड्याने राहता, कंपनी चार किलोमीटरवर अंबडला, हातात २६,५०० येतात. घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी, आईवडील निफाडकडे गावी. २० तारखेनंतर खात्यात काही राहत नाही. कुणी सांगतं पगाराच्या २० टक्के बाजूला काढ, कंपनीतले मित्र भिशीत ये म्हणतात, मेहुणा एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेली रक्कम गुंतवणं) कर म्हणून मागे लागलाय. यातलं सुरू काय करू, असं तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं, लिहिलंय: "खर्च तर काही वायफळ दिसत नाही."

मला वाटतं खरा प्रश्न या शेवटच्या ओळीत आहे. पैसे कुठे ठेवायचे हे नंतर बघता येईल. ठेवायला ते थांबत का नाहीत, ते आधी बघू.

उत्तर देणारी कोण, तेही सांगते. मी २२ वर्षं पोस्टाची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या खात्याचे हप्ते, गोळा करते. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची एजंट. पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक हा माझा पट्टा. महिन्यातून दोनदा दारोदार, कार्डावर सही, पैसे पिशवीत, मग पोस्टात यादी लावून भरणा. मला आरडीच्या भरण्यावर ४ टक्के कमिशन मिळतं. तुम्ही ५०० ची आरडी काढलीत तर दर महिन्याला २० रुपये माझे. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी तुम्हाला आरडी इतक्यात काढू नका असंच सांगणार आहे.

माझ्याकडे जुन्या वह्या आहेत. हप्ता चुकला की पुढे मी कारण लिहून ठेवते. ही सवय मला एका जुन्या एजंटबाईंनी लावली. त्या म्हणायच्या, गिऱ्हाईक पुन्हा भेटतं तेव्हा आपल्याला आठवण असावी. त्या वह्या चाळल्या की तीन मोसम ठळक दिसतात. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. जून म्हणजे शाळेची फी, वह्या, दप्तर, रेनकोट. आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंतचा काळ. मधेमधे दवाखाना. चहा-नाश्त्यापायी हप्ता चुकला असं एकही घर मला आठवत नाही. मिसळ खाणं बंद करा असा सल्लाही मी आजवर कुणाला दिलेला नाही, नाशिकात राहून तो द्यायची माझी हिंमतही नाही. आरडी मोडायला येणारी माणसं उधळी नसतात. त्यांचा महिन्याचा हिशेब पक्का असतो, पण वर्षातून एकदा येणारा खर्च त्या हिशेबात कुठेच नसतो.

आता तुमचेच आकडे घेऊ. भाडं ८,०००, गाडीचा हप्ता ३,१००, गावी ३,०००, किराणा-दूध-भाजी-गॅस ७,०००, पेट्रोल १,८००, लाईटबिल आणि मोबाईल १,२००. बेरीज २४,१००. राहतात २,४००. तुम्ही म्हणता हे २,४०० "कुठे जातात कळत नाही." मला वाटतं मला कळतंय.

वर्षाचे खर्च तुम्ही लिहिले नाहीत, म्हणून मी तुमच्यासारख्या घरांत जे बघते त्यावरून अंदाज धरते. दिवाळी, कपडे-फराळ-गावी जाणं मिळून १२,०००. लग्नांचे आहेर आणि जाणं-येणं ६,०००. दवाखाना ६,०००, दोन वर्षांचं लेकरू घरात असताना हा आकडा कमीच आहे. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,०००. अकरा महिन्यांनी भाड्याचा करार नवा करायचा, त्याचे ३,०००. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला, थोडं धान्य, ३,०००. मुलीचा वाढदिवस आणि गावची जत्रा ४,०००. एकूण ३८,०००. त्याला १२ ने भागा, महिन्याला ३,१६७ येतात.

तुमच्याकडे राहतात २,४००, लागतात ३,१६७. म्हणजे वर्षाला ९,२०० ची तूट. तुम्ही क्रेडिट कार्डावर ९,००० बाकी आहेत असं लिहिलंय, आणि मागच्या दिवाळीला १५,००० बोनस आला त्याचा टीव्ही घेतला असंही लिहिलंय. माझे निम्मे आकडे अंदाजाचे आहेत, तेव्हा जुळणी इतकी बरोबर येणं हा योगायोगही असेल. पण चित्र हेच आहे. बोनस ही तूट भरून काढणार होता, तो टीव्हीत गेला आणि तूट कार्डावर जाऊन बसली. टीव्ही घेतला म्हणून मी रागावत नाही. माझ्याही घरी तो असाच आला होता.

म्हणून २० टक्क्यांच्या नियमाबद्दल आधी बोलून मोकळी होते. २६,५०० चे २० टक्के म्हणजे ५,३००. ते तुम्ही पहिल्या महिन्यात बाजूला काढाल, दुसऱ्या महिन्यात काढाल, तिसऱ्या महिन्यात एखादं लग्न येईल आणि सगळे परत घ्याल. आणि मग "आपल्याच्याने बचत होत नाही" असं मनात पक्कं बसेल. हे नुकसान पैशाच्या नुकसानाहून मोठं, कारण त्यानंतर माणूस चार-पाच वर्षं पुन्हा प्रयत्नच करत नाही. माझ्या पट्ट्यात असे खूप आहेत. १,००० ची आरडी जोशात काढतात, सहाव्या महिन्यात दार उघडायचं टाळतात. मी खालूनच हाक मारते, वरून मुलगा सांगतो, "आई घरी नाही." आईच्या चपला दारात असतात.

तर पहिलं काम बचतीचं नाहीच. वर्षाच्या खर्चाची खरी यादी करायची. माझा आकडा घेऊ नका, तुमचा काढा. मागच्या वर्षीचं कालनिर्णय फेकलं नसेल तर ते खाली घ्या. आपल्याकडे अर्धा संसार त्यावर लिहिलेला असतो: दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, कुणाचं लग्न, लसीची तारीख. एकेक पान उलटत वहिनींबरोबर बसा. "बरोबर" हा शब्द महत्त्वाचा, कारण आहेर किती दिला हे तुम्हाला आठवणार नाही, त्यांना पैशापर्यंत आठवेल. सोबत फोनपे किंवा गुगल पे मधली बारा महिन्यांची यादी उघडा आणि २,००० च्या वरचे सगळे व्यवहार वहीत उतरवा. तासाभराचं काम आहे. या तासात थोडं भांडण होतं, ते होऊ द्या.

यादी झाली की त्या पैशाला स्वतंत्र खातं. नवं काढायची गरज नाही, पगाराच्या खात्याआधीचं एखादं जुनं बचत खातं बहुतेकांकडे पडून असतं. मात्र त्या खात्याला यूपीआय जोडायचं नाही आणि एटीएम कार्ड पाकिटात ठेवायचं नाही, घरी कपाटात. बँकेत जाऊन एकदा सांगून ठेवा की पगाराच्या खात्यातून दर ८ तारखेला अमुक रक्कम इकडे वळती करायची. तुमचा पगार ७ ला होतो म्हणून ८. तारीख जितकी पुढे ढकलाल तितकी रक्कम आटते. हे मी पोस्टाचे हप्ते गोळा करायच्या दिवसांवरून सांगते. ज्यांचा पगार ७ ला होतो त्यांच्याकडे मी ८-९ ला गेले तर पैसे हातावर ठेवतात. तेच घर, तोच पगार, आणि मी १४ ला गेले तर, "काकू, पुढच्या वेळी दोन एकदम घ्या."

किती वळते करायचे? दिवाळी बोनसवर सोडली तर वर्षाचे बाकी खर्च २६,०००, महिन्याला २,१६७. तुमच्या २,४०० मधून ते गेले की राहतात २३३ रुपये. हसू नका. तुमची खरी, न मोडणारी बचत आज २३३ रुपये आहे. कुठूनही सुरुवात करायची तर ती या आकड्यापासून करावी लागेल, ५,३०० पासून नाही.

२३३ चे थोडे वाढवता येतील. मी किराण्याला हात लावणार नाही. तिघांना ७,००० जास्त नाहीत. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात भाजी स्वस्त मिळते हे खरं, पण पाथर्डी फाट्याहून खास त्यासाठी जाल तर वाचलेले पैसे टाकीत जातील. मला तुमच्या आकड्यांत पेट्रोल खटकलं. कंपनी चार किलोमीटरवर असताना १,८०० कसे? मग पुढे वाचलं, दर रविवारी गावी जाता. जाऊन-येऊन ९० किलोमीटर धरले तर दोन लिटर, म्हणजे २०० च्या वर एका फेरीला. चार फेऱ्यांचे ८०० च्या पुढे. दोनच केल्या तर ४२० च्या आसपास वाचतील. आता हे लिहिताना मलाच थोडं अवघड वाटतंय, आईबापाला भेटायला जाऊ नका असं कोण सांगेल? आणि गावाहून येताना गाडीला कांद्याची पिशवी, मळ्यातली भाजी, गहू बांधून येत असेल तर ती फेरी वसूल आहे, त्याला धक्का लावू नका. फक्त एकदा लिहून बघा. फेरी रिकाम्या हाताने होत असेल तर दोनावर आणा आणि मधल्या रविवारी फोन करा.

तर २३३ आणि ४२०, साधारण ६५० झाले. इथे बहुतेकांना वाटतं, चला, आता ५०० ची आरडी. नाही. आधी कार्ड.

तुम्ही त्या ९,००० वर मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी रक्कम, तेवढीच भरताय. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. ९,००० वर दरमहा सुमारे ३७० रुपये नुसते व्याजात. तुम्ही ४५० भरता, त्यातून मुद्दल ८० रुपयांनी उतरतं. पोस्टाच्या आरडीला हे लिहिताना वर्षाला ६.७ टक्के मिळतात. वर्षाला ४२ टक्के देत बसायचं आणि दुसऱ्या हाताने ६.७ टक्के घ्यायचे, हा व्यवहार कुणी शहाणा माणूस करणार नाही. पण करतात बरं का, माझ्याच गिऱ्हाइकांत आहेत. आरडीचं कार्ड डब्यात नीट ठेवलेलं असतं आणि क्रेडिट कार्डाचं बिल उघडूनही बघत नाहीत.

दिवाळीला चार महिने आहेत असं धरते. कार्ड वापरणं आजपासून थांबवा, आणि दर ८ तारखेला ४५० ऐवजी ६५० भरा. दिवाळीपर्यंत बाकी ८,००० च्या आत येईल. बोनस आला की पहिल्या दिवशी ती मिटवा. हातात ७,००० च्या आसपास राहतील, यंदाची दिवाळी त्यात करा. १२,००० ची दिवाळी ७,००० त होते. फराळ घरी, कपडे फक्त मुलीला. एका वर्षाचा प्रश्न आहे. गावी नाराजी होणार असेल तर वडिलांना कारण आधीच सांगून टाका, ऐन पाडव्याला नको.

कार्ड मिटलं की तेच ६५० आता अडीअडचणीच्या पैशाला. हे त्याच दुसऱ्या खात्यात चालतील, फक्त वहीत वेगळे लिहा. लक्ष्य एका महिन्याचा खर्च, म्हणजे २४,०००. लोक सहा महिन्यांचा खर्च साठवा असं सांगतात. बरोबरच आहे ते, पण तुम्हाला दीड लाखाचा डोंगर दाखवला तर तुम्ही चढायलाच निघणार नाही.

हा पैसा पोस्टाच्या आरडीत का नको, ते सांगते, कारण इथे लोक फार फसतात. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते. तीन वर्षं होईपर्यंत ती बंद करता येत नाही. तीन वर्षांनंतर बंद केली तरी व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं, म्हणजे ४ टक्के. एक वर्ष पूर्ण झालं आणि १२ हप्ते भरलेले असले तर शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, एवढीच मधली वाट. लागोपाठ चार हप्ते चुकले तर खातं खंडित होतं आणि ते पुन्हा चालू करायला दोनच महिने मिळतात. म्हणजे रात्री दोन वाजता मुलीला दवाखान्यात न्यावं लागलं तर आरडीचा काही उपयोग नाही. माझी स्वतःची एक आरडी मी मुलाच्या अकरावीच्या प्रवेशाला तीन वर्षं दोन महिने झाल्यावर मोडलीय. दुसऱ्यांना सगळे नियम समजावून सांगणारी मी, काउंटरवर ४ टक्क्यांचा हिशेब हातात घेऊन उभी होते. क्लार्क ओळखीचा, काही बोलला नाही, नुसता हसला.

तुमचा गाडीचा हप्ता नऊ महिन्यांनी संपतोय, हे तुमच्या पूर्ण पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे आणि तुम्ही ते कंसात लिहिलंय. खरी बचत तिथून सुरू होते. हप्ता संपला त्या महिन्यापासून ते ३,१०० त्याच तारखेला दुसऱ्या खात्यात जायला हवेत. मधे एक महिनाही सुटी देऊ नका. एकदा ते पैसे हातात खेळले की महिनाभरात घराला त्यांची सवय होते. आणि तेव्हाच शोरूमवाल्याचा फोन येतो, जुनी द्या, नवी घ्या.

३,१०० आणि तुमचे ६५० मिळून ३,७५०. त्यातले १,००० वर्षाच्या खात्यात वाढवा, म्हणजे पुढची दिवाळी बोनसवर अवलंबून राहणार नाही. राहिले २,७५०. अडीअडचणीच्या पैशात तोवर थोडे जमलेले असतील, तरी आठ-नऊ महिन्यांत २४,००० पूर्ण होतील. आजपासून मोजलं तर दीड वर्ष. त्यानंतर आरडी, एसआयपी, जे हवं ते. मग २,००० ची पोस्टाची आरडी काढलीत आणि दर हाच राहिला तर पाच वर्षांत १,२०,००० भरून सुमारे १,४२,७०० मिळतील. ती काढायला माझ्याकडे या, तेव्हा मी नको म्हणणार नाही.

एसआयपीबद्दल मेहुणा चुकीचं सांगत नाही. सात-दहा वर्षं हात लावायचा नसेल अशा पैशाला ती चांगली. पण तुमच्याकडे आत्ता सात महिने हात लावायचा नाही असाही पैसा नाही. बाजार पडलेला असताना आहेरासाठी युनिटं विकावी लागली की मग माणूस शेअर बाजाराला शिव्या देतो. बाजाराचा त्यात काय दोष?

भिशीचं मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण अंबड-सातपूरच्या कंपन्यांत ती जोरात चालते आणि नकार देणं अवघड जातं. साधी भिशी समजा १५ जणांची, हजार-हजाराची. दर महिन्याला चिठ्ठी, एकाला १५,०००. ज्याची चिठ्ठी पहिली लागली त्याला बिनव्याजी उसने मिळाले, ज्याची शेवटी लागली त्याने सगळ्यांना बिनव्याजी दिले. चार शेजारणी, नात्यातल्या बायका, ५०० ची भिशी, एवढ्यावर असेल तर मला त्यात वावगं दिसत नाही. त्यात गोडी असते आणि शिस्तही लागते. कंपनीतल्या भिशीची अडचण वेगळी. कंत्राटावरची पोरं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पैसे उचलतात, पाचव्या महिन्यात काम सुटतं, फोन बंद. लिलावाची भिशी तर बिलकूल नको. गरजू माणूस १५,००० ची भिशी १२,५०० ला उचलतो आणि फरक बाकीचे वाटून घेतात, ते महागडं कर्जच झालं. चिट फंडाचा कायदा १९८२ पासून आहे, पण कंपनीच्या गेटवरच्या बिननोंदणीच्या भिशीत पैसे अडकले तर तुम्ही तक्रार कोणाकडे करणार? मित्रांना सांगा, हप्ता संपल्यावर बघू. तोवर त्या भिशीचं काय होतं ते आपोआप दिसेल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण विचाराल. पतसंस्था बँकेपेक्षा जास्त व्याज देतात, तिथे ठेवू का? माझ्या लग्नानंतरच्या पाचव्या वर्षी आम्ही ४०,००० एका पतसंस्थेत ठेवले होते, १२ टक्क्यांनी. नाव घेत नाही. एका सोमवारी गेलो तर शटर अर्धं खाली आणि बाहेर माणसं. पैसे बुडाले असं म्हणता येत नाही, कारण नंतर नऊ वर्षांत तुकड्या-तुकड्याने बरेचसे मिळाले. पण ज्या ऑपरेशनसाठी ते ठेवले होते ते माझे दागिने गहाण ठेवून झालं. सगळ्याच पतसंस्था तशा नसतात, मी चांगल्याही बघितल्यात. नियम एवढा ध्यानात ठेवा: बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० च्या आधी ते १ लाख होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. तुमचे पहिले २४,००० तिथे नकोत.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. नोकरी कायम आहे की कंत्राटी, हे तुम्ही लिहिलं नाही. कंत्राटी असेल तर एका महिन्याच्या जागी तीन महिन्यांचा खर्च साठवल्याशिवाय आरडीकडे बघू नका. दीड वर्षाचं अडीच-तीन वर्षं होईल, होऊ द्या. तुमचा पगार बघता ईएसआयसीच्या, म्हणजे सरकारी कामगार विम्याच्या, २१,००० च्या पगारमर्यादेबाहेर असाल असं वाटतं, तर कंपनीचा मेडिक्लेम आहे का आणि त्यात बायको-मुलगी आहेत का, हे एचआरला याच आठवड्यात विचारा. नसेल तर दवाखान्याचे ६,००० अपुरे आहेत आणि माझं वरचं सगळं गणित हलतं. आणि बँकेतून ४३६ आणि २० रुपये वर्षाला कापून घेणाऱ्या दोन विमा योजना आहेत, जीवन ज्योती आणि सुरक्षा. दोन्ही मिळून ४५६ रुपये. पहिलीत कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर २ लाख, दुसरीत अपघाती मृत्यूला २ लाख. घरात कमावता एकटा असताना त्या न घेण्याला मला कारण दिसत नाही. मेअखेर पैसे कापले जातात, तेव्हा खात्यात शिल्लक ठेवा.

वहिनी ब्लाऊज शिवतात, महिन्याला कधी १,००० कधी २,५०० येतात, ते तुम्ही हिशेबात धरलेत का कळलं नाही. धरू नका. ज्या महिन्यात मशीन बंद पडेल किंवा मुलगी आजारी पडेल त्या महिन्यात ते येणार नाहीत आणि पुन्हा २० तारीख उजाडेल. ते त्यांच्या नावाच्या खात्यात राहू द्या आणि त्यावर त्यांचाच हात असू द्या. उत्तमनगरला माझी एक जुनी खातेदार आहे, फॉल-पिको करते. २०० पासून सुरू केलं होतं. नवऱ्याला कार्ड दाखवायची नाही, मशीनच्या ड्रॉवरमध्ये रिळांखाली ठेवायची, मी गेले की रिळं बाजूला करून काढायची. पाच वर्षांनी मुदत संपली तेव्हा तिने त्या पैशाची दुसरी मशीन घेतली आणि नवऱ्याला थेट दुकानातच नेलं. सगळ्या घरांत असं लपवायला लागू नये, पण लपवायला लागलं म्हणून ते टिकलं हेही खरं.

तुम्ही सुकन्या समृद्धीबद्दल, म्हणजे मुलीच्या नावाच्या सरकारी बचत खात्याबद्दलही विचारलंत. मुलीची दहा वर्षं पूर्ण होईपर्यंत खातं कधीही काढता येतं, त्यामुळे घाई नाही. तरी काढून ठेवायचं असेल तर २५० रुपयांत उघडतं आणि वर्षाला किमान २५० भरले की चालू राहतं. सध्या व्याज ८.२ टक्के आहे. मात्र हा पैसा मुलीच्या शिक्षण-लग्नापर्यंत अडकतो, म्हणून आत्ता फक्त २५० आणि हप्ता संपल्यानंतर बघा. मुलीचा जन्मदाखला, तुमचं आधार, पॅन आणि दोन फोटो घेऊन जा. जवळच्या पोस्टात गेलात तर दुपारी जा. सकाळी काउंटरला आम्हा एजंट बायकांची रांग असते, प्रत्येकीच्या हातात पन्नास-साठ नावांची यादी, आणि तुमचा नंबर जेवणाच्या सुटीआधी काही लागणार नाही.